कॉम्प्युटर नव्यानं शिकताय? वर्गात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर शिकवते. दुपारच्या बॅचला घरचं आवरून आलेल्या बायका असतात, रिटायर झालेले गुरुजी असतात, भरतीचे फॉर्म भरणारी पोरं असतात, दुकानाचा हिशोब कॉम्प्युटरवर घ्यायचाय म्हणून आलेले दुकानदार असतात. मोबाईल सगळ्यांना झकास येतो पण कॉम्प्युटरसमोर बसलं की हात आखडतो. मला त्याचं कारण असं दिसतं की मोबाईलमध्ये वस्तू कुठे ठेवली हे बघावंच लागत नाही, फोटो काढला की गॅलरीत, मेसेज आला की व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. कॉम्प्युटरमध्ये मात्र प्रत्येक गोष्टीला एक जागा असते आणि ती जागा बऱ्याचदा आपणच ठरवायची असते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या शंका आपोआप सुटतात, म्हणून फाईल, फोल्डर, सेव्ह या प्रश्नांवर मी जास्त लिहिलंय आणि बाकीचं थोडक्यात. उदाहरणं सगळी विंडोजची आहेत कारण आपल्याकडे घराघरात तेच असतं.

ज्याला आम्ही सीपीयू म्हणतो तो डबाच खरा कॉम्प्युटर का?

हो, कॉम्प्युटर तोच. मॉनिटर फक्त दाखवतो, कीबोर्ड आणि माऊस फक्त तुमचं म्हणणं आत पोचवतात, काम सगळं त्या डब्यात चालतं. फक्त त्या डब्याचं नाव सीपीयू नाही, त्याला कॅबिनेट म्हणायचं. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, ती आत मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवर, बसवलेली बिस्किटाएवढी चौकोनी चिप असते आणि तिच्या डोक्यावर पंखा असतो कारण ती खूप तापते. पण दुकानदारही डब्याला सीपीयूच म्हणतात त्यामुळे दुकानात गेल्यावर उगाच वाद घालू नका, फक्त विकत घेताना प्रोसेसर कुठला आहे ते वेगळं विचारा. तो इंटेलचा असतो नाहीतर एएमडीचा. आय थ्री, आय फाईव्ह, आय सेव्हन असं ऐकलं की लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे भारीच, पण जनरेशन, म्हणजे तो किती नवा आहे, ते पण बघावं लागतं, दहा वर्षांपूर्वीच्या आय सेव्हनपेक्षा आत्ताचा साधा आय थ्री जलद चालू शकतो.

त्याच डब्यात मागच्या बाजूला जिथे जाड वायर लागते तो एसएमपीएस, तो घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज बनवतो. कॉम्प्युटर अजिबातच चालू होत नसेल, पंख्याचा आवाज सुद्धा नसेल तर आधी प्लग नीट लागलाय का ते बघा आणि मग एसएमपीएसवर संशय घ्या.

मॉनिटरचं बटण बंद केलं म्हणजे कॉम्प्युटर बंद झाला ना?

नाही. टीव्हीचा पडदा बंद केला तरी डिश चालूच राहते तसंच हे. बंद कसा करायचा ते शेवटच्या प्रश्नात लिहिलंय.

रॅम आणि हार्डडिस्क दोन्हीला मेमरीच म्हणतात, मग फरक काय?

हा प्रश्न दर बॅचला येतो आणि मी दर वेळी स्वयंपाकघरच सांगते. रॅम म्हणजे ओटा आणि हार्डडिस्क म्हणजे फडताळ. पीठ, भाजी, डबे सगळे फडताळात असतात पण काम करायचं तर ते ओट्यावर काढावं लागतं, ओटा मोठा असेल तर चार कामं एकदम चालतात, छोटा असेल तर एक उचलून ठेवल्याशिवाय दुसरं करता येत नाही आणि मग कॉम्प्युटर स्लो झाला असं आपण म्हणतो. एकच फरक लक्षात ठेवायचा, लाईट गेली की कॉम्प्युटरच्या ओट्यावरचं सगळं पुसलं जातं, फडताळातलं मात्र राहतं. सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरचं फडताळात ठेवणं, एवढंच.

म्हणून "मेमरी फुल झाली, फोटो डिलीट करते म्हणजे रॅम मोकळी होईल" हे बरोबर नाही. फोटो फडताळात आहेत, ते काढून ओटा मोठा होत नाही. रॅम मोकळी करायची तर उघडे असलेले प्रोग्राम आणि ब्राउजरचे (क्रोम वगैरेचे) टॅब बंद करायचे. घरच्या साध्या कामाला ८ जीबी रॅम ठीक चालते, ४ जीबीत हल्ली गुदमरायला होतं.

आणि हार्डडिस्क म्हटलं की आता दोन प्रकार आलेत. जुन्या हार्डडिस्कमध्ये खरोखरची तबकडी गरगर फिरते, डेस्कटॉपमधली बहुतेक मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि एक सुईसारखा हात तिच्यावरून माहिती वाचतो. नव्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपवर, त्यामुळे ती कितीतरी जलद असते. तुमचा जुना कॉम्प्युटर चालू व्हायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ घेत असेल तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी बसवून बघा, माझ्या अनुभवात एवढ्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

१ टीबीची डिस्क घेतली पण कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतोय, फसवलं का?

नाही फसवलं. मोजायची पद्धत दोन आहेत. माहितीचं सगळ्यात छोटं माप बिट, म्हणजे ० किंवा १, आणि आठ बिटचा एक बाइट. डिस्क बनवणारी कंपनी हजार बाइटचा एक केबी, हजार केबीचा एक एमबी, पुढे तसाच जीबी आणि टीबी असं धरते, विंडोज १०२४ ने मोजतं. प्रत्येक पायरीला थोडं थोडं घटत जाऊन १ टीबीचे ९३१ दिसतात. जागा तेवढीच आहे, माप वेगळं.

जाता जाता एक गंमत सांगते. इंग्रजीचं एक अक्षर साठवायला साधारण एक बाइट लागतो पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. "मराठी" या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे झाले १५ बाइट. तरी सुद्धा मजकूर फारच थोडी जागा घेतो, अख्खी कादंबरी टाईप केली तरी मोबाईलच्या एका चांगल्या फोटोपेक्षा कमीच भरेल.

फॉर्म भरताना "फोटो ५० केबीच्या आत हवा" म्हणतात, तो कसा करायचा?

हा प्रश्न विचारणाऱ्या पोरांचे चेहरे मला पाठ झालेत, फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे अकरा, आणि फोटो अपलोड होत नाहीये. आधी समजून घ्या की फोटो एवढा जड का असतो. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. या ठिपक्यांनाच पिक्सेल म्हणतात. फॉर्मवरच्या छोट्याशा चौकोनाला त्यातला शंभरातला एक ठिपका असला तरी पुरतं.

तर फोटो पेंटमध्ये उघडा, पेंट विंडोजमध्ये असतोच. रिसाईज वर जा, तिथे टक्के आणि पिक्सेल असे दोन पर्याय दिसतील त्यातला पिक्सेल घ्या, फॉर्ममध्ये जी लांबी रुंदी सांगितलीय ती टाका. ती आकडेवारी बसत नसेल तर फोटो ओढून ताणून बसवू नका, चेहरा पसरतो, आधी क्रॉप करा, म्हणजे कडेचा नको तो भाग कापा. मग सेव्ह अ‍ॅज करून जेपीजी निवडा आणि नाव नवीन द्या. नवीन नाव फार महत्त्वाचं, कारण नुसतं सेव्ह केलं तर मूळ मोठा फोटो गेला आणि उद्या दुसऱ्या फॉर्मला मोठा लागला तर परत स्टुडिओत पळावं लागतं. झाल्यावर त्या फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, साईज किती केबी झाली ते तिथे कळतं. सहीचं पण अगदी असंच, पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही, उजेडात फोटो, आजूबाजूचा कागद क्रॉप.

डेस्कटॉप म्हणजे नक्की काय? टेबलावरचा कॉम्प्युटर की समोर दिसतं ते चित्र?

दोन्ही. टेबलावर ठेवायचा तो डेस्कटॉप कॉम्प्युटर, आणि चालू झाल्यावर समोर दिसणाऱ्या पडद्यालाही डेस्कटॉपच म्हणतात. त्याच्या खाली जी पट्टी असते तो टास्कबार, आणि त्यावर स्टार्टचं बटण. ही स्टार्टची आणि टास्कबारची सोय १९९५ साली विंडोज ९५ मध्ये आली आणि अजून तिथेच आहे.

पण महत्त्वाचं वेगळंच आहे. डेस्कटॉप ही काही हवेतली जागा नाही, तो सी ड्राइव्हमधला, म्हणजे हार्डडिस्कच्या सी नावाच्या भागातला, एक साधा फोल्डर आहे. आमच्या बॅचच्या एका काकांनी पेन्शनची सगळी कागदपत्रं स्कॅन करून डेस्कटॉपवर ठेवली होती, समोर दिसतात म्हणून. कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्तीवाल्याने विचारलं डी मध्ये डेटा आहे ना, काका हो म्हणाले, त्याने सी फॉरमॅट केला, म्हणजे पुसून कोरा केला, आणि सगळं गेलं. दोघांपैकी कुणीच मुद्दाम केलं नाही, काकांना फक्त डेस्कटॉप सी मध्ये असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी आता पहिल्याच दिवशी सांगते. दुरुस्तीला देण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे चारही फोल्डर पेन ड्राइव्हवर नाहीतर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून घ्या, आणि घेतलेली कॉपी उघडून बघा.

फाईल आणि फोल्डर यात नेहमी गोंधळ होतो, काय करू?

तुमचा दोष नाही, शब्दच उलटा पडलाय. आपल्याकडे ऑफिसात फाईल म्हणजे काय, तर पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली, आत पन्नास कागद. "साहेबांच्या टेबलावर फाईल गेली" म्हणतो तेव्हा तो सगळा गठ्ठा असतो. कॉम्प्युटरमध्ये मात्र फाईल म्हणजे आतला एक कागद, एक पत्र, एक फोटो, एक गाणं. आणि नाडीची फाईल असते ना, तिला इथे फोल्डर म्हणतात. रिटायर झालेल्या क्लार्क मंडळींना हे सांगितलं की त्यांचा चेहरा एकदम उजळतो, कारण इतके दिवस ते बरोबरच विचार करत असतात, फक्त नावं उलटी लावत असतात.

फोल्डरमध्ये फोल्डर ठेवता येतो, त्यात अजून एक. म्हणजे डॉक्युमेंट्स मध्ये "घर", त्यात "लाईट बिल", त्यात "२०२५". फाईलपर्यंत पोचायच्या या वाटेला पाथ म्हणतात, पोस्टाच्या पत्त्यासारखंच, फक्त आपण पत्ता लिहिताना आधी घर मग गाव मग जिल्हा लिहितो, इथे आधी जिल्हा आणि शेवटी घर. विंडोजचं बटण धरून ई दाबलं की फाईल एक्सप्लोरर उघडतो आणि वरच्या पट्टीत हा पत्ता दिसतो, तो वाचायची सवय लावा.

फाईलच्या नावात काही चिन्हं चालत नाहीत, प्रश्नचिन्ह, फुली (*), कोलन, तिरकी रेघ वगैरे. म्हणून तारीख लिहिताना तिरकी रेघ दिली की एरर येतो, त्याऐवजी आडवी रेघ द्या. नाव मराठीत दिलं तरी चालतं, न्यू डॉक्युमेंट वन, न्यू डॉक्युमेंट टू असं मात्र ठेवू नका, महिन्याभराने कशात काय होतं ते तुम्हालाच आठवणार नाही.

सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह दिसतात, मग ए आणि बी कुठे गेले?

ते फ्लॉपीचे होते, फ्लॉपी म्हणजे पेन ड्राइव्हच्या आधी माहिती ठेवायला वापरायचे ती चपटी डिस्क. आधीच्या कॉम्प्युटरला फ्लॉपीचे एक किंवा दोन खण असायचे, त्यांना ए आणि बी अक्षरं दिलेली, हार्डडिस्क नंतर आली म्हणून तिला सी. फ्लॉपी गेली पण अक्षरं तशीच राहिली. सेव्हच्या बटणावर जे चौकोनी चित्र असतं ना तीच ती फ्लॉपी, शेवटी शेवटी वापरात असलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं, म्हणजे आजचा मोबाईलचा एक फोटो सुद्धा बऱ्याचदा बसणार नाही.

सेव्ह आणि सेव्ह अ‍ॅज मध्ये फरक काय?

पहिल्यांदा सेव्ह करताना दोन्ही एकच, कॉम्प्युटर विचारतो कुठे ठेवू आणि नाव काय देऊ. इथेच लोक घाईत एंटर मारतात आणि मग "मॅडम मी सेव्ह केलं होतं हो, पण नाहीये". आहे, फक्त कुठे ते बघितलं नाही. ती खिडकी उघडली की दोन सेकंद थांबा, डाव्या बाजूला फोल्डर निवडा, खाली नाव लिहा, मग सेव्ह.

दुसऱ्यांदा सेव्ह केलं, म्हणजे कंट्रोल धरून एस दाबलं, की जुन्याच्या जागी नवीन बसतं, काही विचारत नाही. सेव्ह अ‍ॅज केलं की जुनी फाईल तशीच राहते आणि नवीन नावाने दुसरी तयार होते. ग्रामसभेचं मागच्या वेळचं पत्र उघडून त्यातली तारीख बदलून नवं पत्र बनवायचं असेल तर उघडल्या उघडल्या आधी सेव्ह अ‍ॅज करा, मग बदल करा. उलटं केलंत की कधीतरी हात कंट्रोल एस वर जाणारच आणि जुनं पत्र जाणार.

डाउनलोड केलेलं सापडत नाही, गेलं कुठे?

बहुतेक वेळा डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये. ब्राउजर उघडा असेल तर कंट्रोल आणि जे दाबा, आजवर काय काय उतरवलं त्याची यादी येते आणि "शो इन फोल्डर" म्हटलं की थेट ती जागा उघडते. फोल्डरमध्ये शंभर फाईली असतील तर तारखेनुसार लावा, नवी सगळ्यात वर येईल. सातबारा नाहीतर हॉलतिकीट असं काही उतरवलं की लगेच नाव बदला (फाईलवर एकदा क्लिक करून एफ२) आणि योग्य फोल्डरमध्ये हलवा, कारण साईटवरून येताना नुसता आकड्यांचा लांबलचक नंबर नाव म्हणून येतो.

डेस्कटॉपवरची फाईल पेन ड्राइव्हवर घेतली पण झेरॉक्सच्या दुकानात उघडेना, असं का?

तुम्ही फाईल नाही, शॉर्टकट घेऊन गेलात. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण दिसतो का बघा, बाण असेल तर ती वस्तू नाही, वस्तूकडे जाणारी पाटी आहे. एसटी स्टँडवरची "तासगाव ७ किमी" ही पाटी उचलून घरी नेली म्हणून तासगाव घरी येत नाही. एक मुलगी याच कारणाने प्रोजेक्ट न घेता पुण्याला पोचली होती, बिचारी रडायच्या बेतात होती फोनवर. शॉर्टकटवर राईट क्लिक करून "ओपन फाईल लोकेशन" म्हणा, खरी फाईल दिसेल, ती कॉपी करा. याची चांगली बाजू अशी की शॉर्टकट चुकून डिलीट झाला तरी मूळ फाईल किंवा प्रोग्राम शाबूत असतो, घाबरायचं कारण नाही.

डिलीट झालेलं परत येतं का?

साधं डिलीट केलं असेल तर रिसायकल बिन उघडा, राईट क्लिक, रिस्टोअर. जिथे होतं तिथेच परत जातं. शिफ्ट धरून डिलीट केलं असेल तर बिनमध्ये जात नाही, आणि पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं पण सहसा बिनमध्ये जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तरी आशा असते, कारण डिलीट करताना फिरत्या हार्डडिस्कवरची माहिती लगेच पुसली जात नाही, फक्त ती जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते. महत्त्वाचं काही गेलं असेल तर त्या डिस्कवर काहीही नवीन टाकू नका आणि जाणकाराकडे द्या. एसएसडीत मात्र अशी परत मिळायची शक्यता बरीच कमी.

सिंगल क्लिक कधी, डबल क्लिक कधी?

फाईल, फोल्डर, डेस्कटॉपवरचं चित्र उघडायला डबल. बटण, मेनू, टास्कबार आणि वेबसाईटवरची प्रत्येक गोष्ट सिंगल. वेबसाईटवर डबल क्लिकची सवय मोडाच, पैसे भरायच्या बटणावर दोनदा क्लिक झालं की कधी कधी दोनदा कापले जातात आणि मग परत मिळेपर्यंत जीवाला घोर. उजव्या बटणाला राईट क्लिक, आणि काय करावं सुचत नसेल तेव्हा हेच करून बघावं, त्या वस्तूचं काय काय करता येतं त्याची यादीच समोर येते. माऊस हातात थरथरतो म्हणून लाजू नका, आठवड्यात बसतो. डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेतून झालेला पहिला माऊस लाकडाचा होता, १९६८ साली त्यांनी माऊस जाहीरपणे चालवून दाखवला तेव्हा बघणाऱ्यांसाठीही ती नवीच वस्तू होती.

कॉपी केलेलं जातं कुठे?

क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या जागेत, आणि ती दिसत नाही म्हणूनच गोंधळ होतो. कंट्रोल सी केलं की तिथे एक प्रत जाते, कंट्रोल व्ही केलं की ती इथे उतरते, कंट्रोल एक्स म्हणजे कट, मूळ जागेवरून उचलून. ही कल्पना १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तयार केली, झेरॉक्स म्हणजे तीच कंपनी जिच्या नावाने आपण फोटोकॉपी मागतो. साध्या क्लिपबोर्डमध्ये एकच गोष्ट राहते, नवी कॉपी केली की जुनी गेली. विंडोजचं बटण आणि व्ही दाबून हिस्टरी चालू केली तर मागच्या पण दिसतात. आणि काही चुकलं तर कंट्रोल झेड. हे एक बटण लक्षात राहिलं की हात मोकळा होतो, कारण चुकलं तरी मागे येता येतं हे माहीत असतं.

एका कॉम्प्युटरवर टाईप केलेलं मराठी दुसरीकडे उघडलं की विचित्र अक्षरं का दिसतात?

कारण ते खरं मराठी नव्हतंच. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरच साठवतोय, फक्त त्या अक्षराचं चित्र देवनागरीचं काढलेलं असायचं. तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की मुखवटा उतरतो आणि खालची इंग्रजी अक्षरं नि चिन्हं दिसायला लागतात. कितीतरी ऑफिसांचे, मासिकांचे, पतसंस्थांचे वर्षानुवर्षांचे मजकूर असे अडकून पडलेत, शोधले तर सापडत नाहीत, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर असतो, देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा कप्पा आहे, त्यामुळे इथे लिहिलेला क अमेरिकेतल्या मोबाईलवर पण कच दिसतो. नवीन काहीही टाईप कराल ते युनिकोडमध्येच करा. जुन्या फाईली बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण नंतर एकदा डोळ्याखालून घालावं लागतं, जोडाक्षरं चुकतात.

विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा या भागात जाऊन मराठी जोडा, मग विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजी मराठी अशी अदलाबदल होते. कीबोर्ड दोन तऱ्हेचे. फोनेटिक म्हणजे इंग्रजी स्पेलिंगसारखं टाईप करा आणि मराठी उमटेल, लगेच जमतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, पहिले पंधरा दिवस त्रास होतो. ज्यांना रोज पानं भरायचीत त्यांनी तो त्रास सोसावा असं मी आग्रहाने सांगते, कारण त्यात आपली अक्षरं आपल्या क्रमाने येतात, मधे इंग्रजी स्पेलिंगचा विचार करावा लागत नाही. दऱ्याखोऱ्या, सुधारणाऱ्या यातला तो आडवा अर्धा र मराठीत सारखा लागतो, तो इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं, मग हलन्तासाठी, म्हणजे अक्षराचा पाय मोडायला, डी आणि मग य, असा येतो.

डॉट पीडीएफ, डॉट जेपीजी हे शेवटी काय असतं?

एक्सटेंशन, म्हणजे फाईलचं आडनाव. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की ही फोटो आहे, पत्र आहे की प्रोग्राम. विंडोज बऱ्याचदा हे लपवून ठेवतं, ते दिसेल असं करून घ्या, फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मध्ये जाऊन फाईल नेम एक्सटेंशन्स. कारण चोर लोक "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" अशा नावाची फाईल पाठवतात, शेवटचं लपलेलं असलं की आपल्याला ते बिल वाटतं, खरं आडनाव ईएक्सई, म्हणजे उघडली की चालू होणारा प्रोग्राम. अनोळखी माणसाकडून आलेली ईएक्सई कधीच उघडू नका.

स्क्रीनवर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं, करू का?

अजिबात नाही. खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. ते फक्त एक वेबपेज असतं, भोंग्याचा आवाज, लाल रंग, सगळं घाबरवण्यासाठी. एस्केप दाबून धरा, नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउजर निवडा आणि एंड टास्क करा. कुणी फोनवरून "हे सॉफ्टवेअर टाका, मी इथून बघतो" म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा, सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. विंडोजमध्ये अँटिव्हायरस आधीपासून असतो, तो चालू ठेवा आणि अपडेट येऊ द्या.

तोच टास्क मॅनेजर कॉम्प्युटर हँग झाल्यावर पण कामाला येतो, जो प्रोग्राम अडकलाय तेवढाच बंद करता येतो, पण त्यातलं सेव्ह न केलेलं जाणार हे धरून चाला.

गुगल, क्रोम आणि इंटरनेट एकच का?

नाही. इंटरनेट म्हणजे रस्ता, क्रोम म्हणजे गाडी, गुगल म्हणजे चौकात पत्ता सांगणारा. एज किंवा फायरफॉक्स या दुसऱ्या गाड्या. साईटचं नाव माहीत असेल तर पत्ता विचारत बसायची गरज नाही, वरच्या पट्टीत थेट टाईप करा, सरकारी फॉर्मसाठी तर हेच करा, कारण शोधल्यावर वर येणारी पहिली साईट जाहिरात असू शकते.

कॉम्प्युटर रोज चुकीची तारीख दाखवतो आणि साईट उघडत नाहीत?

मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, ३ व्होल्टचा, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२ नंबरचा, तो संपलाय. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तारीख चुकली की सुरक्षित साईटची वैधता तपासताना गडबड होते म्हणून साईट उघडत नाहीत, इंटरनेटवाल्याला शिव्या देऊ नका. सेल स्वस्त असतो, दुकानदार पाच मिनिटात बदलून देईल.

यूपीएस घेतला तर लाईट गेल्यावर किती वेळ काम करता येईल?

घरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण दहा पंधरा मिनिटं देतो, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. तो काम चालू ठेवायला नाही, सेव्ह करून नीट बंद करायला आहे. लेझर प्रिंटर त्याच्यावर लावू नका, प्रिंटर तापताना खूप वीज ओढतो आणि यूपीएस बसतो.

विंडोज १० बंद झालं म्हणतात, माझा कॉम्प्युटर बंद पडेल का?

नाही पडणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेची नवी डागडुजी पूर्वीसारखी आपोआप येत राहणार नाही. कॉम्प्युटर चालतो, पण बँकेची कामं त्याच्यावर करत राहणं बरं नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, जुन्या मशीनवर बऱ्याचदा या शेवटच्या अटीला गाडी अडते.

शट डाऊन, रिस्टार्ट आणि स्लीप, रोज काय करायचं?

जेवायला उठताय तर स्लीप, काम तसंच उघडं राहतं, फक्त लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर आधी सेव्ह करा. दिवसाचं काम संपलं की स्टार्टमधून शट डाऊन, पंख्याचा आवाज थांबू द्या आणि मग भिंतीवरचं बटण बंद. काही विचित्र वागायला लागला, प्रिंटर ओळखेना, आवाज येईना, तर रिस्टार्ट करा, शट डाऊन करून चालू करणं आणि रिस्टार्ट हे एक नाही, कारण लवकर चालू व्हावं म्हणून शट डाऊनच्या वेळी विंडोज आपली काही माहिती साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच परत उचलतं, रिस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. कॅबिनेटचं बटण पाच सात सेकंद दाबून धरलं की जबरदस्तीने बंद होतो, ते फक्त माऊस सुद्धा हलत नसेल तेव्हाच. आणि पडद्यावर अपडेट चालू आहे, बंद करू नका असं लिहिलेलं असेल तर कितीही उशीर झाला असला तरी मेन स्विचला हात लावू नका, त्याला त्याचं काम करू द्या, तो स्वतःच बंद होतो.